पाळी गेल्यावरचे बीपी आणि हार्मोनची गोळी



आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत मुलांच्या अभ्यासाबद्दल पुष्कळ असते, लग्नकार्याबद्दल असते, बायकांच्या स्वतःच्या तब्येतीबद्दल मात्र क्वचितच. म्हणून मागच्या महिन्यात आलेले एक पत्र आम्ही मुद्दाम बाजूला काढून ठेवले. पत्र लिहिणाऱ्या भगिनी आपल्या सोलापूरच्याच, वय ४९. पाळी जाऊन दीड वर्ष झाले. बीपीची गोळी तीन वर्षांपासून चालू आहे. दिवसातून आठ-दहा वेळा अंगातून गरम वाफा निघतात, रात्री घामाने कपडे भिजतात, झोप मोडते ती फजरपर्यंत लागत नाही. डॉक्टरबाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "हार्मोन खाल्ले की बीपी चढते, लकवा मारतो." सून म्हणाली, "अम्मी, मोबाइलवर तर लिहिलंय की हार्मोन दिलाला चांगले." तेव्हापासून गोळ्यांचे पाकीट कपाटात पडून आहे. पत्राच्या शेवटी त्या सहज लिहून जातात, "डॉक्टरबाईंना बीपीच्या गोळीचे सांगितले नाही. त्यांनी विचारले नाही, आणि मला वाटले तो वेगळा आजार आहे."

आम्ही शाळेत शिकवतो, दवाखाना चालवत नाही. कोणी कोणती गोळी घ्यावी हे या पानावर ठरणार नाही. पण पत्रातले ते शेवटचे वाक्य घरोघरचे आहे, आणि खरा धोका त्या वाक्यात आहे. भाभी आणि सून दोघींचे म्हणणे थोडे खरे आणि थोडे अर्धवट आहे. ते कसे, हे समजून घेऊ.

पाळी जाते तेव्हा शरीरात काय होते

सलग बारा महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असे धरतात. आपल्या देशात हे वय साधारण ४६-४७ आहे. युरोप-अमेरिकेत ते ५१ च्या आसपास असते. अंडाशय इस्ट्रोजेन नावाचे हार्मोन बनवणे जवळजवळ थांबवतात. हे हार्मोन फक्त पाळीपुरते नसते. रक्तवाहिन्या लवचिक ठेवणे, हाडे मजबूत ठेवणे, मेंदूतला शरीराच्या उष्णतेचा काटा सांभाळणे ही कामेही ते करते. ते कमी झाले की तो काटा बिघडतो. खोलीतली उष्णता जराशी वाढली तरी शरीराला वाटते आपण तापलो, आणि ते घाम काढून थंड व्हायला बघते. याच त्या गरम वाफा. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये, पारा चाळिशीच्या पुढे असताना, पत्र्याच्या खोलीत बसून विड्या वळणाऱ्या किंवा चुलीपुढे उभ्या असणाऱ्या बाईला हा त्रास किती होत असेल, हे वेगळे सांगायला नको.

याच वयात बीपीही वर सरकते. तरुणपणी बायकांचे बीपी सहसा पुरुषांपेक्षा कमी असते. पाळी गेल्यावर तो फरक भरून निघतो. रक्तवाहिन्या कडक होतात, पोटावर चरबी साठते, आणि मीठ पूर्वीपेक्षा जास्त बाधते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी २१ टक्क्यांहून अधिक जणींना बीपी असल्याचे आढळले, म्हणजे पाच जणींमागे एकीला. चाळिशी-पन्नाशीनंतरच्या बायकांत हे प्रमाण याहून जास्त असते.

म्हणजे वाफा आणि बीपी एकाच वळणावर भेटतात. गडबड इथेच होते. वाफ आली की छाती धडधडते, चेहरा लाल होतो, कानशिले गरम होतात. बाई म्हणते, "बीपी वाढले." आणि एक गोळी जास्त घेते. उलट खरोखर बीपी वाढलेले असते तेव्हा बहुतेक वेळा काहीच जाणवत नाही, म्हणून ती म्हणते, "आज बरं वाटतंय," आणि गोळी सोडून देते. बीपी अंगाला कळत नाही, ते मोजावे लागते, एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी.

भाभींचे म्हणणे कुठून आले

हार्मोन उपचार म्हणजे शरीराने बनवणे थांबवलेले इस्ट्रोजेन बाहेरून थोड्या प्रमाणात देणे. गर्भाशय, म्हणजे आपल्या बोलण्यातली पिशवी, जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन गटातले औषधही द्यावे लागते. नुसत्या इस्ट्रोजेनने पिशवीचे अस्तर वाढत राहते आणि पुढे कॅन्सरचा धोका निर्माण होतो. गरम वाफांवर आजवर सापडलेल्या उपायांत हा सर्वांत गुणकारी आहे, आणि हाडांचेही यामुळे रक्षण होते.

विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत लाखो बायका या गोळ्या घेत होत्या, आणि त्याने हृदयविकार टळेल असेही मानले जात होते. हे खरे आहे का, ते पाहण्यासाठी 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' नावाची मोठी चाचणी झाली. तिच्या एका भागात १६,६०८ बायका होत्या. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना बिनऔषधाची. जुलै २००२ मध्ये हा भाग मुदतीआधीच थांबवला गेला. दर दहा हजार बायकांमागे वर्षाला सुमारे ८ पक्षाघात, ७ हृदयविकाराच्या घटना आणि ८ स्तनाचे कॅन्सर जास्त दिसले. खुब्याचे हाड मोडण्याच्या घटना मात्र ५ ने कमी झाल्या. बातमी जगभर पसरली आणि बायकांनी रातोरात गोळ्या टाकून दिल्या. भाभींच्या तोंडी आलेला लकवा बहुधा याच बातमीचा पुढे पुढे सरकत आलेला आवाज आहे.

पुढे त्या आकड्यांकडे नीट पाहिले गेले. चाचणीतल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, म्हणजे बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षे होऊन गेली होती. पन्नाशीच्या आसपास, पाळी गेल्यावर लवकर उपचार सुरू करणाऱ्या बायकांना धोका बराच कमी असतो, हे नंतरच्या अभ्यासांत दिसले. म्हणून आज डॉक्टर साधारण साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास जास्त असलेल्या बाईला हा उपचार सुचवतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या पाकिटावरचे हृदयविकार आणि स्तनाच्या कॅन्सरबद्दलचे ठळक इशारे काढण्याचे जाहीर केले. सुनेने मोबाइलवर वाचले ते बहुधा याच बातमीतले असावे. पण इशारा काढला याचा अर्थ हे हृदयाचे टॉनिक झाले असा होत नाही. हृदयविकार टाळण्यासाठी किंवा बीपी उतरवण्यासाठी म्हणून हार्मोन देत नाहीत.

बीपीचा प्रश्न: गोळी की जेल

त्या चाचणीत गोळी घेणाऱ्या बायकांचे वरचे बीपी सरासरी एक ते दीड अंकाने वाढले. सरासरी पाहिली तर ही वाढ किरकोळ आहे. पण वर्गाची सरासरी ६० टक्के आली म्हणून प्रत्येक मुलीला ६० मिळालेले नसतात. बहुतेकींना काहीच फरक पडत नाही आणि काहींचे बीपी चांगलेच चढते. आपण कोणत्या गटात, हे आधी सांगता येत नाही. गोळी सुरू केल्यावर मोजूनच कळते.

इस्ट्रोजेन शरीरात कोणत्या वाटेने जाते, यावरही बरेच अवलंबून आहे. तोंडावाटे घेतलेली गोळी पोटातून आधी यकृतात जाते. यकृत त्यामुळे एक विशिष्ट प्रथिन जास्त बनवू लागते, ज्यापासून पुढे रक्तवाहिन्या आवळणारा आणि मीठ-पाणी धरून ठेवणारा पदार्थ तयार होतो. रक्त गोठवणारे घटकही यकृत जास्त बनवते. तेच इस्ट्रोजेन जेल किंवा चिकटपट्टीच्या रूपात त्वचेवर लावले, तर ते यकृताची पहिली फेरी न करता थेट रक्तात मिसळते आणि हे दोन्ही परिणाम बरेच टळतात.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या १ लाख १२ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या ४५ च्या पुढच्या, नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्या. त्वचेवाटे घेणाऱ्यांच्या तुलनेत तोंडावाटे गोळी घेणाऱ्यांना बीपी जडण्याचा धोका १४ टक्के जास्त दिसला, आणि योनीमार्गात लावायच्या क्रीमच्या तुलनेत १९ टक्के जास्त. इथे आकडा नीट वाचावा. १४ टक्के जास्त म्हणजे शंभरातल्या चौदा जणींना बीपी होते असे नाही. एका गटात शंभर जणींना बीपी झाले, तर तेवढ्याच बायकांच्या दुसऱ्या गटात एकशे चौदा जणींना, असा त्याचा अर्थ. मात्रा जितकी जास्त आणि गोळी जितकी जास्त काळ, तितका धोका वाढतो, असेही त्यात आढळले.

म्हणून आपल्या पत्रलेखिका भगिनींनी विचारायला हवा होता तो प्रश्न असा: "डॉक्टरबाई, मला बीपी आहे. मग गोळीऐवजी जेल चालेल का?" बीपी आहे म्हणून हार्मोनचे दार बंद होत नाही. बीपी औषधाने ताब्यात असेल तर डॉक्टर विचार करतात, आणि बहुधा त्वचेवाटेचा मार्ग निवडतात. ताब्यात नसलेले बीपी मात्र आधी ताब्यात आणावे लागते. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल, पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ झालेली असेल, हृदयविकार किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा आजार असेल, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर डॉक्टर सहसा हा उपचार देत नाहीत. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा एक थेंब जरी रक्त दिसले, तरी "पाळी परत आली" म्हणून गप्प बसू नये, तपासून घ्यावे.

कोरडेपणा, लघवीला जळजळ, वारंवार संसर्ग एवढाच त्रास असेल, तर लावायचे क्रीम पुरते. त्यातले फार थोडे रक्तात जाते. हा त्रास बायका वर्षानुवर्षे कोणाला सांगत नाहीत आणि जळजळ होते म्हणून पाणी कमी पितात. त्याने त्रास आणखी वाढतो.

ज्यांची पिशवी काढली आहे

आपल्या महाराष्ट्रात या विषयाची एक वेगळी बाजू आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या तरुण वयातच काढल्या जात असल्याचे उघड झाल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती, म्हणजे सहा जणींमागे एकीची. कितीतरी जणी चाळिशीच्याही आतल्या. याच भागातल्या टोळ्या दर हंगामात आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात. पण हा प्रश्न फक्त फडातला नाही. अंगावरून जास्त जाते म्हणून "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल" हा सल्ला आपल्या मोहल्ल्यांतही अनेकींना मिळालेला आहे.

पिशवी काढली आणि अंडाशय ठेवले, तर हार्मोन बनत राहते, फक्त पाळी येत नाही. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयही काढले, तर पन्नाशीला हळूहळू होणारा बदल पस्तिशीला एका दिवसात होतो. अशा बाईला वाफा तर होतातच, शिवाय हाडे ठिसूळ होण्याचा आणि हृदयाच्या आजाराचा धोकाही वाढतो. इतक्या लवकर हार्मोन गेले असेल तर, दुसरी अडचण नसल्यास, पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत ते बाहेरून देणे हा सर्वमान्य उपचार आहे. साठीच्या बाईबद्दलची भीती पस्तिशीच्या बाईला लावू नये.

पण आपल्या ओळखीतल्या किती जणींना हे ठाऊक आहे की अंडाशय ठेवले की काढले? ऑपरेशनच्या वेळी मिळालेल्या डिस्चार्ज कार्डावर ते लिहिलेले असते. ते कार्ड शोधून ठेवा. इंग्रजीतले कळत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलीकडून किंवा ओळखीच्या शिक्षकांकडून वाचून घ्या. आमच्याकडे बायका असे कागद घेऊन येतात. त्यात शरम वाटण्यासारखे काही नाही.

रमजान, उमरा आणि मेडिकलमधली गोळी

पाळी लांबवायची गोळी आपल्या घरांतून नवी नाही. रमजानचे रोजे चुकू नयेत, किंवा उमरा-हजच्या सफरीत तवाफ राहू नये म्हणून बायका नोरेथिस्टेरॉन नावाची गोळी घेतात. हेही हार्मोनच आहे. जास्त मात्रेत घेतल्यावर त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या औषधात बदलतो. म्हणून बीपी असलेल्या, तंबाखू किंवा मिश्री लावणाऱ्या, वजन जास्त असलेल्या, किंवा पूर्वी रक्ताची गाठ झालेल्या बाईने ती मेडिकलमधून नुसते नाव सांगून आणू नये. चाळिशीनंतर तर मुळीच नाही. विमानात कित्येक तास एका जागी बसणे आणि त्यात हार्मोनची गोळी, याने पायात गाठ होण्याचा धोका वाढतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतली असेल, तरी विमानात अधूनमधून उठून चालावे, पाणी प्यावे. एका पायाला अचानक सूज आणि दुखणे, दम लागणे, छातीत कळ, एका बाजूला बधिरता, बोलणे अडखळणे, अशी लक्षणे दिसली तर तातडीने दवाखाना गाठावा.

शरीयतने आजारपणात आणि हैजच्या दिवसांत बाईला सवलत दिली आहे. ती सवलत अल्लाहची मेहरबानी आहे. ती घेण्यात इमान कमी पडत नाही, आणि राहिलेल्या रोज्यांची कजा करता येते.

बीपीची गोळी रोज्यात सोडणाऱ्याही पुष्कळ आहेत. दिवसातून एकदाची गोळी असेल तर डॉक्टर ती सहरी किंवा इफ्तारला लावून देतात. लघवी जास्त करवणारी गोळी असेल, तर सोलापूरच्या उन्हात तिची वेळ आणि मात्रा डॉक्टरांना विचारूनच ठरवावी. रमजान सुरू होण्याआधी पंधरा दिवस हे विचारून घ्यावे.

आणखी एक प्रश्न आम्हाला विचारला जातो: या गोळ्या कशापासून बनतात? विचारणे रास्त आहे. कॉन्जुगेटेड इस्ट्रोजेन या जुन्या औषधाचा एक प्रकार गाभण घोडीच्या मूत्रापासून काढतात. १९४२ पासून अमेरिकेत तो विकला जातो. इस्ट्रॅडिऑल नावाचे औषध मात्र सोयाबीन किंवा कंदासारख्या वनस्पतींपासून सुरुवात करून बनवतात, आणि जेलमध्ये बहुधा तेच असते. कॅनडाच्या त्या अभ्यासात बीपीच्या दृष्टीनेही इस्ट्रॅडिऑल उजवे ठरले. तेव्हा डॉक्टरांना सरळ सांगावे, "आम्हाला वनस्पतीपासूनचे लिहून द्या." प्रोजेस्टेरॉनची मऊ कॅप्सूल जिलेटिनच्या आवरणात येते. त्याबद्दल मनात शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारून घ्यावे. पण शंका आहे म्हणून डॉक्टरांना न सांगता ते एकच औषध वगळून इस्ट्रोजेन चालू ठेवू नये. पिशवीला धोका होतो तो इथेच.

"देशी औषधाने काय बिघडते" असेही म्हणतात. वाफांसाठी दिलेल्या कित्येक काढ्यांत आणि चूर्णांत जेष्ठमध, म्हणजे आपली मुलेठी, असते. मुलेठी रोज पोटात गेली तर शरीर मीठ धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते आणि बीपी वाढते. गुडघ्यांसाठी रोज घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्याही बीपी चढवतात. वाफांवर बिनहार्मोनची औषधेही आहेत, पण त्यांतल्या व्हेनलाफॅक्सिनसारख्या औषधाने काहींचे बीपी वाढते. म्हणून काय चालू आहे ते सगळे, हकीमसाहेबांच्या पुडीसह, डॉक्टरांपुढे ठेवावे.

मोजायचे कसे, सांगायचे काय

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे. अर्धा तास आधी चहा आणि तंबाखू नको. लघवीला जाऊन यावे. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. पट्टा उघड्या दंडावर बांधावा. बुरख्याच्या आणि कुर्त्याच्या जाड बाहीवरून मोजलेले बीपी भरवशाचे नसते, आणि घट्ट बाही वर सारून दंड आवळला तरी आकडा चुकतो. दवाखान्यात जाताना सैल बाहीचे कपडे घालावेत, पडदा मागावा, बाई कर्मचारी असेल तर तिच्याकडून मोजून घ्यावे. मोजताना बोलू नये. एक मिनिटाने पुन्हा मोजावे. दवाखान्यात १४० आणि ९० किंवा त्याहून जास्त, घरी १३५ आणि ८५ किंवा त्याहून जास्त असे वेगवेगळ्या दिवशी येत राहिले, तर ते बीपी आहे. घरासाठी मशीन घ्यायचे असेल तर मनगटाचे न घेता दंडाचे घ्यावे.

हार्मोन सुरू करण्याआधीचे आकडे लिहून ठेवावेत. सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा मोजावे, तीन महिन्यांनी डॉक्टरांना दाखवावे, आणि पुढे सांगतील तसे मोजत राहावे. आकडा वाढला तर गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत आणि दाबून पुढेही नेऊ नयेत. डॉक्टर मात्रा कमी करतात, गोळीचे जेल करतात किंवा बीपीचे औषध बदलतात.

सरकारी आरोग्य केंद्रांत तीस वर्षांवरच्या सगळ्यांचे बीपी मोफत तपासतात. मोहल्ल्यात येणाऱ्या आशाताईंना विचारावे. आपल्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये स्त्रीरोग विभाग आणि मेडिसिन विभाग दोन्ही आहेत. एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणी दाखवणे तिथे अवघड नाही.

स्वयंपाकघराचेही थोडे. दिवसाला माणशी पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका चहाच्या चमच्यापेक्षा कमी मीठ, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. शेंगाचटणी, ठेचा, लोणचे आणि पापड ताटात एकदम आले की ते एकाच जेवणात संपते. शेंगाचटणी सोडा असे आम्ही म्हणत नाही, सोलापुरात राहून ते म्हणण्याची आमची हिंमतही नाही. चारातले एक घ्या, चार घेऊ नका. रोज अर्धा तास चालणे बीपीलाही उपयोगी आणि हाडांनाही.

आता घरातल्या पुरुषांशी दोन शब्द. अम्मीची बीपीची गोळी मुलगा आणतो, बहिणीचे पाकीट भाऊ आणतो, पण हार्मोनचे नाव निघाले की सगळे मान खाली घालतात. बाई मग एक कागद कपाटात लपवते आणि एक पर्समध्ये ठेवते. बीपीचे डॉक्टर एक जाणतात, बाळंतपणाच्या डॉक्टरबाई दुसरे, आणि पूर्ण हिशेब कोणाकडेच नसतो. तिला शरमेत टाकू नका. "सगळे कागद एका पिशवीत ठेव, मी बरोबर येतो, आत तू एकटी बोल," एवढे म्हटले तरी पुष्कळ झाले.

पत्रलेखिका भगिनींना आमचे सांगणे हेच. कपाटातले पाकीट काढा, पण उघडू नका. त्यासोबत बीपीच्या गोळ्यांचे पाकीट, जुन्या चिठ्ठ्या आणि आठ दिवस घरी मोजलेले आकडे घ्या आणि त्याच डॉक्टरबाईंकडे परत जा. सांगा, "मला तीन वर्षांपासून बीपी आहे, ही गोळी चालू आहे, हे माझे आकडे." मग त्या जे ठरवतील ते पूर्ण माहितीवर ठरवतील. वाफांनी रात्र रात्र जागणे हे बाईच्या नशिबातच असते असे कुठे लिहिलेले नाही. इलाज करणे ही आपल्या नबीची (स.) शिकवण आहे, आणि शिफा अल्लाहच्या हातात आहे.

अल्लाह आपल्या घरातल्या सगळ्या माता-भगिनींना सेहत देवो. आमीन.